जुन्या ओळीतली माती : सफरचंदाच्या पुनर्लागवडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाग सफरचंदाची होती. पंचवीसहून अधिक वर्षे त्याच जमिनीत, त्याच ओळींत झाडे उभी होती. झाडे थकली, फळ बारीक पडू लागले, तेव्हा मालकांनी ती काढून ठेंगण्या खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग) दाट बाग लावायचे ठरवले. पानगळ झाल्यावर जुनी झाडे उपटली, हाताला लागतील तेवढी मुळे वेचली आणि थंडी ओसरताच नवी कलमे लावली.

मधल्या काळात जमीन सगळीकडून नांगरली गेली नाही. ठिबकच्या नळ्या आणि तारेचे खांब जुन्या ओळींवर शाबूत होते, म्हणून ओळींपुरतेच खड्डे घेतले. दोन ओळींमधल्या पट्ट्यात पहिल्यापासून गवत होते आणि सफरचंदाची मुळे तिथे विरळच पोचली होती. तेव्हा ही गोष्ट कुणाला महत्त्वाची वाटली नाही. पुढे सगळा उलगडा तिच्यामुळेच झाला.

अडचण

मला बोलावणे आले ते पहिल्या उन्हाळ्याच्या मध्यावर. कलमे मेली नव्हती, पण वाढतही नव्हती. कोंब वीतभर येऊन थांबलेले, पाने लहान आणि फिकट. मालक अनुभवी माणूस, जुनी बाग त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेली. त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा गोंधळ जास्त होता.

"ताई, पाणी कमी पडू दिलं नाही, खत कमी पडू दिलं नाही. हीच झाडं माझ्या भावाच्या रानात कमरेला लागलीत."

भावाच्या जमिनीत आधी कधीच सफरचंद नव्हते. कलमे एकाच रोपवाटिकेची, एकाच गठ्ठ्यातली. ते ऐकल्यावर मला कान टवकारायला हवे होते. मी माती परीक्षण मागवले.

अहवाल नेटका आला. सामू योग्य, स्फुरद आणि पालाश पुरेसे, क्षारता नाही. पानांच्या तपासणीत मात्र नत्र आणि स्फुरद दोन्ही कमी. जमिनीत आहे आणि पानात नाही, म्हणजे मधला दुवा तुटलेला. हे वाचूनही आम्ही फवारणीतून अन्नद्रव्ये देऊन पाहिली आणि एक हंगाम घालवला. पाने थोडी हिरवी झाली, झाड जागचे हलले नाही.

खूण सापडली ती बागेच्या वळणावर. तिथे हद्द सरळ करताना शेवटच्या काही ओळी तिरप्या आखल्या गेल्या होत्या. त्यामुळे एकाच नव्या ओळीतली काही झाडे जुन्या ओळीवर आली होती, काही गवताच्या पट्ट्यात. पट्ट्यातली झाडे डौलदार होती. चार पावले पुढे, जुन्या ओळीचा माग लागला की झाड खुरटलेले. त्यानंतरचे पट्ट्यात, पुन्हा चांगले. तेच पाणी, तेच ऊन, तेच खत. आम्ही दोघे त्या ओळीतून तीनदा चाललो. मालकांनी, मी त्यांना काका म्हणते, जमिनीकडे बघत विचारले, "म्हणजे जुनं झाड गेलंच नाही?"

एक खुरटे आणि एक चांगले अशी दोन झाडे उकरली. चांगल्याची मुळे पांढरट, बारीक फाट्यांनी भरलेली. खुरट्याची तांबूस-काळपट, तंतुमुळे जवळजवळ नाहीशी, आणि जी होती ती बोटात धरताच साल सुटून येत होती. खताचा प्रश्न तिथेच संपला. ज्याने खायचे ते तोंडच कुजत होते.

कुंड्यांची चाचणी

संशय सफरचंदाच्या पुनर्लागवड रोगावर होता. बागाईतदारांना हा प्रकार दोनशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. सफरचंदानंतर सफरचंद लावले की नवे झाड रुसते, दुसरे पीक मात्र त्याच मातीत बरे येते. संशयावर निर्णय घ्यायचा नव्हता, म्हणून साधी चाचणी लावली.

माती दोन ठिकाणची घेतली : जुन्या ओळीतली आणि गवताच्या पट्ट्यातली. दोन्हींचा निम्मा भाग ओला करून वाफेने तापवला. त्यातून सजीव बहुतांश मरतात, मातीतली खनिजे मात्र मातीतच राहतात. असे चार गट झाले. पाचवा गट मी आग्रहाने घेतला : जुन्या ओळीतली तापवलेली माती आणि त्यात त्याच ओळीतली न तापवलेली माती, दहा भागांत एक भाग. सगळ्या कुंड्यांत सारखी सफरचंदाची रोपे लावली आणि दहा आठवडे थांबलो.

हा पाचवा गट का, ते सांगायला हवे, कारण अनेक जण तो वगळतात. माती तापवली की मेलेल्या सूक्ष्मजीवांतून नत्र मोकळे होते, मँगनीजसारखी द्रव्येही सुटतात. तेवढ्यानेही रोप जोमाने वाढू शकते, आणि मग "रोग होता" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मूठभर जिवंत माती परत घातल्यावर वाढ पुन्हा खुंटली, तर दोष सजीवांचा, हे पक्के होते.

निकाल मोजपट्टीशिवाय दिसत होता. जुन्या ओळीतल्या कच्च्या मातीत रोपे बुटकी. तीच माती तापवल्यावर रोपे तरारली. पट्ट्यातल्या मातीत तापवण्याने थोडाच फरक पडला. आणि पाचव्या गटातली रोपे पुन्हा बुटक्यांच्या बाजूला झुकली. रोग मातीत होता, जिवंत होता आणि मुठीतून पसरत होता.

मुळांचे तुकडे प्रयोगशाळेत दिले. एकच एक आरोपी निघाला नाही. रायझोक्टोनिया आणि सिलिंड्रोकार्पॉन गटातल्या बुरशी, बुरशीसारखा दिसणारा पिथियम, आणि मुळात शिरून जखमा करणारा प्रॅटिलेन्कस सूत्रकृमी, अशी टोळी होती. या रोगात बहुधा असेच असते. बागेगणिक टोळीतले चेहरे आणि त्यांचा जोर बदलतो, म्हणून एका जंतूवरचे एक औषध इथे पुरत नाही.

जुन्या झाडाने मातीत काय केले होते

इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय या समजेवर उभे आहेत.

मूळ म्हणजे नुसती पाणी ओढणारी नळी नव्हे. पानांनी बांधलेल्या कार्बनचा बऱ्यापैकी वाटा झाड मुळांवाटे मातीत सोडते : शर्करा, अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले, फिनॉल गटातली संयुगे, मुळाच्या टोकावरून सुटणाऱ्या पेशी. मुळाला लागून असलेल्या या मातीच्या पातळ थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये 'ऱ्हायझोस्फिअर' हे नाव दिले. त्या थरात सूक्ष्मजीवांची जी दाटी असते, ती जरा दूरच्या मातीत नसते. प्रत्येक जातीच्या झाडाचे वाढप वेगळे, म्हणून पंगतीला बसणारेही वेगळे. काही संयुगे आमंत्रण असतात, काही मज्जाव.

मक्याची मुळे बेन्झॉक्सॅझिनॉइड नावाची संयुगे सोडतात. त्यांनी मुळांभोवतीचे जिवाणू आणि बुरशी बदलतात, आणि हा बदल मका काढल्यावरही मातीत राहून त्याच जागी नंतर आलेल्या मक्याच्या वाढीवर आणि किडीला तोंड देण्यावर परिणाम करतो, असे २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. मोहरीच्या कुळातल्या बहुतेक वनस्पती मायकोरायझा या मुळांशी जोडी जमवणाऱ्या बुरशीशी सोयरीक करतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यामागून येणाऱ्या पिकाला ही मदतनीस बुरशी कमी मिळू शकते. आणि गहू तर उलटी गोष्ट सांगतो. गव्हावर गहू घेत राहिले की 'टेक-ऑल' हा मूळकुजीचा रोग आधी वाढतो, पण काही वर्षांनी आपोआप ओसरतो. गव्हाच्याच मुळांवर वाढलेले, प्रतिजैविक बनवणारे सूडोमोनास जिवाणू त्या बुरशीला आवरतात. म्हणजे एकाच पिकाची पुनरावृत्ती मातीला नेहमी बिघडवतेच असे नाही. कुणाला पोसले जाते, त्यावर ते ठरते.

सफरचंदाच्या बाबतीत तोल दुसरीकडे झुकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात संशोधक मार्क मॅझोला यांनी वेगवेगळ्या वयाच्या बागांची माती आणि शेजारची बाग न लावलेली माती तुलनेला घेतली, आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडला. बागेचे वय वाढते तशी रायझोक्टोनियाला आवरण्याची मातीची नैसर्गिक ताकद घटते, आणि तिच्यासोबत काही उपयोगी जिवाणूही मागे पडतात. यासाठी दशके लागत नाहीत, पहिल्या काही वर्षांतच चित्र पालटते. आमच्या बागेत तर पंचवीस वर्षे गेली होती. म्हाताऱ्या झाडाचा मूळविस्तार मोठा, त्यामुळे त्याने हा त्रास रेटून नेला. कोवळ्या कलमाकडे तेवढी शिदोरी नव्हती.

काकांचा प्रश्न म्हणूनच मला इतका अचूक वाटला. झाड उपटले होते. त्याने जमवलेली वस्ती जागेवर होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मातीला वायुरूप रसायनाने निर्जंतुक करण्याचा. पूर्वी यासाठी मिथाइल ब्रोमाइड वापरत. ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत थांबवायचा होता, काही अपवाद वगळून. क्लोरोपिक्रिनसारखी दुसरी रसायने आहेत. ती पहिल्या वर्षी झाडाला उठवतात हे खरे. पण मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा कोण शिरणार हे आपल्या हातात राहत नाही, आणि वरून सफरचंदच लावले की तीच मुळे त्याच टोळीला परत बोलावतात. काकांना हा पर्याय सुरुवातीला सगळ्यात पसंत होता. "एकदाच मोकळं करून टाकू," ते म्हणाले. आमचा सर्वांत लांब वाद यावरच झाला. शेवटी मी रसायनाला सरसकट विरोध करणे सोडले आणि फक्त विचारले की तिसऱ्या वर्षी काय करणार. त्याचे उत्तर दोघांकडेही नव्हते.

जमीन पडीक ठेवणे हा पर्याय स्वस्त वाटतो, पण हा रोग मातीत वर्षानुवर्षे टिकतो. एक-दोन वर्षांच्या विश्रांतीवर भरवसा ठेवता येत नाही. खड्ड्यातली माती बदलणे लहान परसात ठीक. मुळे खड्डा ओलांडून बाहेर पडली की पुन्हा तेच.

ओळी सरकवून गवताच्या पट्ट्यात नेणे हा सगळ्यात भरवशाचा पर्याय होता, कारण त्याचा पुरावा आमच्याच बागेत उभा होता. अडचण खांब आणि नळ्या हलवण्याची.

उरले वनस्पतींच्याच मदतीचे उपाय. सफरचंदाआधी काही काळ गहू घेतला तर मुळांभोवतीचे सूडोमोनास बदलतात आणि रायझोक्टोनिया मागे हटतो, हे मॅझोला यांच्या पुढच्या कामात दिसले होते. पण ते गव्हाच्या वाणावर अवलंबून होते, सगळे वाण सारखे नव्हते. राई आणि पांढरी मोहरी यांच्या बियांची पेंड मातीत मिसळण्याचाही अभ्यास झालेला होता. पेंडीत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे असतात. ओल मिळाली की मायरोसिनेज हे विकर त्यांचे आयसोथायोसायनेटमध्ये रूपांतर करते, मोहरीचा नाकात जाणारा झणका तो तोच. गंमत अशी की वायू काही दिवसांत उडून जातो, पण मातीतल्या सजीवांची बदललेली घडी त्यानंतरही टिकते आणि रोगजंतूंना परत शिरायला अवघड करते. रसायनाच्या धुरीपेक्षा हा उपाय वेगळा ठरतो तो इथे.

आणि खुंट. आम्ही लावलेला एम ९ हा खुंट या रोगाला बळी पडणारा. कॉर्नेल विद्यापीठ आणि अमेरिकेचा कृषी विभाग यांनी तयार केलेल्या जिनिव्हा मालिकेतले जी ४१, जी २१० यांसारखे खुंट तो बऱ्यापैकी सोसतात. खुंटागणिक मुळांतून झिरपणाऱ्या संयुगांचे मिश्रण वेगळे आणि भोवतालची जिवाणू-बुरशींची वस्तीही वेगळी, असेही दिसून आले आहे.

काय केले

सगळी बाग एकाच उपायावर लावायची नाही, हे आधी ठरले. वळणाजवळच्या भागात खांब जुने झाले होते, ते तसेही बदलायचे होते. तिथे ओळी पट्ट्यात सरकवल्या, खुंट तोच एम ९ ठेवला. मोठ्या मधल्या भागात खुरटी कलमे काढली, एक हंगाम गहू घेतला, शरदात पेंड मिसळली आणि वसंतात सोसणाऱ्या खुंटावरची कलमे लावली. एका भागात फक्त खुंट बदलला, मातीला हात लावला नाही.

आणि एक ओळ जशीच्या तशी ठेवली. तीच माती, तोच एम ९, नवी कलमे. काकांना हे जड गेले. डोळ्यांदेखत झाडे खुरटताना बघायची, तीही मुद्दाम. "ही ओळ तुमच्यासाठी ठेवतोय," असे म्हणून त्यांनी होकार दिला. त्या ओळीविना पुढचे एकही वाक्य मला खात्रीने लिहिता आले नसते.

पेंड निवडताना एक खबरदारी घेतली. तेल काढताना जास्त उष्णता दिली गेली असेल तर विकर नष्ट होते आणि पेंड निव्वळ खत उरते. म्हणून थंड दाबाने तेल काढलेलीच पेंड मागवली. थोडी ओली करून हुंगली, झणका आला, मगच शेतात नेली. मिसळल्याबरोबर पाणी दिले आणि प्लास्टिकने झाकले.

काय झाले

पहिल्या वर्षी पट्ट्यात सरकवलेली झाडे सगळ्यांच्या पुढे होती. पेंड आणि सोसणारा खुंट दिलेला भाग त्यांच्या मागे, पण मुळे उकरल्यावर पांढरी तंतुमुळे भरपूर दिसली, आणि तिसऱ्या हंगामात झाडे उंचीला त्यांच्या जवळ आली. नुसता खुंट बदललेला भाग मध्यम राहिला : झाडे जगली, भरली, पण एकसारखी नव्हती. राखलेल्या ओळीचे झाड आजही दुरून ओळखू येते.

एक नुकसान आमच्या घाईने झाले. पेंड कमी पडल्याने एका कोपऱ्यात ती उशिरा, वसंताच्या तोंडावर मिसळली, आणि कलमे येऊन पडली म्हणून पुरेसे न थांबता लावली. मोहरीचे ते संयुग रोगजंतू आणि कोवळे मूळ यांत भेद करत नाही. तिथली बरीच कलमे मुळांपासून भाजली. तो निर्णय माझा होता. कलमे सावलीत, ओल्या गोणपाटात आणखी काही आठवडे ठेवता आली असती.

वेगळे काय करता आले असते

कुंड्यांची चाचणी जुनी बाग उभी असतानाच करायची होती. दहा आठवडे आणि थोड्या कुंड्या, एवढेच लागले असते. ओळींची आखणी, खुंटाची निवड, खांबांची जागा, सगळे त्यावरून ठरले असते. माती परीक्षणाचा अहवाल आमची दिशाभूल करत नव्हता. तो जे मोजतो ते बरोबर सांगत होता, आम्हीच त्याला मातीचा पूर्ण दाखला समजलो.

पानात कमी आणि मातीत पुरेसे, ही विसंगती दिसली त्याच दिवशी मूळ उकरायला हवे होते. त्यासाठी फावड्यापलीकडे काहीच लागत नाही. आणि भावाच्या रानाची गोष्ट काकांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती.

गव्हाबाबत मी अजून समाधानी नाही. वाण निवडताना आम्ही जे बियाणे मिळाले ते घेतले. मधल्या भागातली सुधारणा पेंडीची किती, खुंटाची किती आणि गव्हाची किती, हे वेगळे करता येत नाही, कारण तिन्ही एकत्र दिले. गव्हाविना एक ओळ ठेवली असती तर कळले असते. तेव्हा काकांकडे आणखी एक ओळ मागायचे धाडस मला झाले नाही.

पट्ट्यातल्या झाडांचे यशही कायमचे धरता येत नाही. त्यांची मुळे वाढतील, एक ना एक दिवस जुन्या ओळीत शिरतील. शिवाय ती स्वतः सफरचंदाचीच आहेत आणि पायाखालची माती आपल्या पद्धतीने घडवू लागली आहेत. म्हणून झाडांखाली उघडी जमीन न ठेवता गवत आणि शेंगवर्गीय झाडोरा मिसळून लावला आहे, म्हणजे मातीला एकाच मुळाचे वाढप मिळणार नाही. प्रत्येक भागात लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. दर शरदात त्याच खुंटीपाशी माती घेतो, तिच्यात रोप लावतो आणि दहा आठवडे बघतो. या वर्षीच्या कुंड्या काकांनी स्वतः भरल्या आणि जुन्या ओळीची कुंडी ओट्यावर, येता-जाता दिसेल अशी ठेवली आहे.